विष उलटतं म्हणतात ते

भाताची कापणी उरकली होती. वसईजवळच्या गिरीज गावी आमच्या शेजारच्या वाडीत पेंढ्याची उडवी रचायचं काम चाललं होतं. काकांनी खालचा भारा उचलला आणि त्याखाली बसलेली घोणस पोटरीला चावली. काका वाचले, हे आधीच सांगतो. मंत्र घालण्यात वेळ गेला नाही, कुणी चिरा मारल्या नाहीत, तासाभरात ते इस्पितळात पोचले. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं ती नळी जागची हलवली नाही. रक्त गोठलं नाही. घोणशीचं विष रक्तात भिनल्याची ती खूण. सलाईनमधून दहा कुप्या औषध गेलं, सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा औषध. पाचव्या दिवशी काका घरी आले, सातव्या दिवशी बावखलापर्यंत, म्हणजे वाडीच्या तळ्यापर्यंत, चालूनही आले.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांना ताप भरला. अंगभर पित्त उठावं तशा गांधी आल्या. सकाळपर्यंत गुडघे आणि मनगटं अशी सुजली की पाण्याचा तांब्या उचलवेना. जांघेत अवधाण आलं. आळीतल्या जाणत्या माणसांनी निदान केलं : विष उलटलं.

टायफॉइड उलटतो तसं विष उलटतं, असा त्यांचा हिशेब. मला हे बोलणं अडाणी वाटत नाही. मधले चार दिवस चांगले गेले होते, हे त्यांनी पाहिलं होतं. नवं दुखणं जुन्या दुखण्याचंच पोर आहे, हेही ओळखलं होतं. चूक एकाच ठिकाणी झाली. नवव्या दिवशी काकांच्या अंगात उलटण्याइतकं विष उरलंच नव्हतं. उरलं होतं ते औषध, आणि त्या औषधावर काकांचं शरीर आता उठून उभं राहिलं होतं.

डॉक्टर याला सीरम सिकनेस म्हणतात. अतिसंवेदनशीलतेचे जे चार प्रकार वैद्यकाच्या पुस्तकांत शिकवतात, त्यातला हा तिसरा. ती चार प्रकारांची मांडणी गेल आणि कूम्ब्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये केली. दुखण्याचं नाव मात्र त्याहून खूप जुनं आहे, आणि त्याची कुळकथा आपल्या परळवरून जाते. ती सांगायची तर आधी एका मराठी शब्दाची गाठ सोडवावी लागते. तो शब्द म्हणजे लस.

लस म्हणजे मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणारं पातळ पाणी. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ती हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावर फोड आला, त्यातलं पाणी दुसऱ्या मुलांच्या दंडावर टोचलं, त्यांच्या फोडातलं आणखी पुढे नेलं. दंडावरून दंडावर ती अक्षरशः लसच जात होती, म्हणून शब्द चिकटला. तिकडे युरोपात लॅटिन भाषेत सीरम म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, आपली निवळी. रक्त भांड्यात ठेवलं की खाली गुठळी बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं, त्यालाही तोच शब्द लावला गेला. दोन्हीकडच्या माणसांना दिसलं ते पाणीच, आणि दोन्हीकडे पाण्यावरूनच नाव पडलं.

गोंधळ पुढे झाला. देवीची लस आणि सापाची लस आपण एकाच शब्दात बोलतो. पण पहिलीत शरीराला शत्रूची ओळख करून दिलेली असते, हत्यारं ते स्वतः घडवतं. दुसरीत हत्यारं तयार मिळतात, घोड्याने घडवलेली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये निघाली तेव्हा पूनावाला घराण्याची शर्यतीच्या घोड्यांची पैदास हा तिचा पाया होता. वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात, त्यावरून हे सीरम आपणच का करू नये असा विचार पुढे आला. आज त्या संस्थेचं नाव लसींसाठी जगभर घेतलं जातं, आणि नावात घोड्याचं सीरम तसंच राहिलं आहे. काकांच्या आजाराचं मर्म या भेदात आहे. हत्यार परक्याचं असलं की शरीर कधी ना कधी त्याची झडती घेतंच.

घोडा या कामाला आला तो १८९० नंतर. त्या वर्षी बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की, विषाच्या हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रा जनावराला टोचल्या तर त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, आणि तो उतारा दुसऱ्या जिवाच्या अंगात घालता येतो. पहिला मोठा उपयोग झाला घटसर्पावर. घशात पडदा धरून मुलं गुदमरून मरत, ती घोड्याच्या सीरमने वाचू लागली. आपल्या भाषेने त्या रोगाच्या नावात साप आधीच घालून ठेवला होता. खऱ्या सापाचा उतारा पाठोपाठ आला. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेट यांनी १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावर सीरम तयार केलं, आणि ते सगळ्याच सापांवर चालेल अशी त्यांची समजूत होती.

ती समजूत मोडण्यात मुंबईचा वाटा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. ती गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उमटला. प्लेगचा जंतू शोधणारे येर्सँ १८९७ च्या मार्चमध्ये आपलं घोड्याचं सीरम घेऊन मुंबईत आले. पदरी निराशाच पडली. मग इटलीच्या लुस्टिग यांचं सीरम आलं, आणि आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी वर्षानुवर्षं रोग्यांवर त्याचा पडताळा घेतला. प्लेगची लस करणारे हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. तिथेच जॉर्ज लँब नावाच्या लष्करी डॉक्टरने नाग आणि घोणस यांची विषं शेजारी शेजारी ठेवून तपासली. नागावरचं सीरम घोणशीच्या विषापुढे हात टेकतं, हे त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत दाखवून दिलं. आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांवर मिळून एकच औषध असतं, त्याची मुळं अशा कामात आहेत. त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पुढे हाफकिनचे घोडे पिंपरीला राहू लागले. काकांच्या अंगात गेलेली कुपी कुठल्या कारखान्याची ते मला माहीत नाही, पण तिच्यामागे कुठल्या तरी तबेल्यातला एक घोडा होता, एवढं नक्की.

आता त्या घोड्याचं आणि माणसाचं भांडण कुणी ओळखलं, तिकडे वळतो.

व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के नावाचा तरुण डॉक्टर होता. आमच्या गिरीजच्या ख्रिस्ती माणसांना सांगण्याजोगी गोष्ट अशी की, तो धर्मगुरू व्हायला निघाला होता. इन्सब्रुकला ईश्वरशास्त्र आणि लुव्हेनला तत्त्वज्ञान शिकून मग वैद्यकाकडे वळला. रुग्णालयात स्कार्लेट फीवरच्या मुलांना घोड्याचं सीरम देत असत, तेही थेंबांनी नव्हे, शंभर-दोनशे मिलिलिटरच्या मात्रेने. मुलं तापातून उठत, आणि आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान त्यातल्या काहींना पुन्हा ताप, गांधी, सांधेदुखी, अवधाणं. नर्सही ओळखत, डॉक्टरही ओळखत. सीरम बाधलं, असं म्हणून पुढे जात.

पिर्के दिवस मोजत बसला. त्याच्या लक्षात आलं की, ज्या मुलाला पूर्वी एकदा सीरम दिलेलं आहे, त्याला दुसऱ्यांदा दिलं तर दहा दिवस लागत नाहीत. कधी त्याच दिवशी, कधी चार-सहा दिवसांत दुखणं उठतं. घोडा तोच, सीरम तेच, मूल तेच. मग दिवस कमी का झाले? सीरम स्वतःच विषारी असतं तर त्याने पहिल्याच दिवशी बाधायला हवं होतं, आणि दोन्ही खेपांना सारखं. पिर्केने उत्तर काढलं ते असं : हे मधले दिवस सीरमचे नाहीतच, ते शरीराचे आहेत. परक्या प्रथिनावर प्रतिपिंडं, म्हणजे ती हत्यारं, घडवायला पहिल्या वेळी शरीराला आठ-दहा दिवस लागतात. ती तयार होतात तेव्हा परकं प्रथिन अजून रक्तात फिरत असतं, दोघांची गाठ पडते, आणि त्या गाठीतून आजार होतो. दुसऱ्या वेळी कारागीर आधीच शिकलेले असतात.

त्या काळी प्रतिपिंड म्हणजे राखणदार, असंच सगळे धरून चालले होते. राखणदारामुळेच घर जळतं असं म्हणायला पिर्के कचरला असावा. १९०३ च्या एप्रिलमध्ये त्याने आपला विचार लिहून, लिफाफा मोहोरबंद करून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत ठेव म्हणून दिला. त्याच वर्षी फ्रान्सच्या मोरिस आर्तूस यांनी दाखवलं की, सशाच्या कातडीखाली घोड्याचं सीरम पुन्हा पुन्हा टोचलं तर पुढच्या टोचण्यांना ती जागा सुजते, कडक होते आणि शेवटी मांस मरतं. आर्तूसच्या सशांत कातडीवर एका जागी घडत होतं ते पिर्केच्या मुलांत अंगभर घडत होतं. १९०५ मध्ये पिर्के आणि त्याचा सहकारी बेला शिक यांचं छोटं पुस्तक निघालं, ‘सीरमचा आजार’ याच अर्थाच्या जर्मन नावाचं. आजाराचं बारसं झालं ते तिथे. पुढच्या वर्षी, शरीराच्या या बदललेल्या वागण्याला काही नाव हवं म्हणून पिर्केने आणखी एक शब्द घडवला, ॲलर्जी. आज घरोघरी शिंक आली की आपण तो वापरतो. त्याचा उगम शिंकेत नाही, घोड्याच्या सीरमने सुजलेल्या गुडघ्यांत आहे.

आता गाठ पडते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रतिपिंडाला दोन हात असतात. परक्या प्रथिनाला धरण्याच्या जागा अनेक असतात. प्रतिपिंडं मुबलक झाली की हात हातात गुंफून मोठाली गाठोडी होतात, आणि ती यकृत आणि प्लीहा यांतल्या पेशी सहज ओळखून खाऊन टाकतात. पण सुरुवातीला प्रतिपिंडं थोडी आणि घोड्याचं प्रथिन भरपूर, असा उलटा हिशेब असतो. तेव्हा दोन-तीनच्या लहान जुड्या होतात. त्या रक्तात विरघळलेल्या राहतात आणि यकृताच्या हाती लागत नाहीत. बावखलाचं पाणी पाटाने वाडीत सोडलं की पाला तोंडाशीच अडतो, पण बारीक गाळ पाटातून पुढे जातो आणि केळीच्या आळ्यात पाणी थांबलं की तिथे बसतो. शरीरात अशी आळी ठरलेली आहेत. जिथे रक्त दाबाने गाळलं जातं ती मूत्रपिंडातली केशवाहिन्यांची गुंतवळं, सांध्यांची आतली अस्तरं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणून सीरमच्या आजारात दुखतात ते गुडघे, उठतात त्या गांधी आणि लघवीत प्रथिन उतरतं.

नुसता गाळ बसून भागलं असतं. पण रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची पूरक प्रथिनांची एक साखळी झोपलेली असते, ती या जुड्यांना पाहून जागी होते आणि पांढऱ्या पेशींना हाका मारते. त्या पेशी जुड्या गिळायला येतात. भिंतीला चिकटलेली जुडी गिळता येत नाही. मग त्या आपल्या पोटातली पाचकं तिथेच भिंतीवर ओततात आणि भिंत जळते. शत्रू कुणीच नसतो. घोड्याचं प्रथिन निरुपद्रवी, प्रतिपिंड आपलं, पेशी आपल्या.

पिर्केचा तर्क डोळ्यांनी दिसायला पन्नास वर्षं गेली. अमेरिकेत जर्मुथने १९५३ मध्ये आणि फ्रँक डिक्सनच्या गटाने १९५८ मध्ये सशांना गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन टोचलं. त्या अल्ब्युमिनवर किरणोत्सारी आयोडीनची खूण करता येई, म्हणजे रक्तात ते किती उरलं हे रोज मोजता येई. आलेख पाहिला की गोष्ट समोर उभी राहते. अल्ब्युमिन दिवसामागून दिवस सावकाश उतरत जातं. मग एकाएकी कड्यावरून पडावं तसं कोसळतं, कारण प्रतिपिंडं आलेली असतात. त्याच दिवसांत रक्तातलं कॉम्प्लिमेंट खर्ची पडून खाली जातं, आणि त्याच दिवसांत सशाची मूत्रपिंडं, सांधे, धमन्या सुजतात. अल्ब्युमिन पार संपलं, मोकळी प्रतिपिंडं रक्तात दिसू लागली, की सूज ओसरते. या आलेखात मला काकांचा नववा दिवस दिसतो.

आजार आपोआप बरा का होतो तेही यातच आहे. घोड्याचं प्रथिन एकदाच आलं होतं, ते संपलं. पण संपणारच नसेल तर? ल्युपस या रोगात प्रतिपिंडं आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएवर उठतात. पेशी रोज मरतात, डीएनए रोज सांडतं, जुड्या रोज बसतात, आणि मूत्रपिंड वर्षानुवर्षं झिजतं. तीच रीत, फक्त थांबायला जागा नाही.

थांबणारी भावंडंही आहेत. पावसाळ्यात मुलांच्या पायांवर फोड पिकतात, घसा धरतो, आणि ते बरं झाल्यावर एखाद्या सकाळी मुलाच्या डोळ्यांखाली सूज असते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. घशानंतर एक ते तीन आठवडे, फोडांनंतर तीन ते सहा. त्या बेला शिकनेच १९०७ मध्ये स्कार्लेट फीवरनंतरच्या मूत्रपिंडाच्या सुजेचे दिवस मोजून, हे सीरमच्या आजाराच्या गोत्रातलं आहे, असं ओळखलं होतं. कुष्ठरोगातही असंच एक वळण येतं. अंगात जंतू खूप असलेल्या रोग्याला औषधं सुरू होतात, जंतू मरतात, आणि महिन्यांनी ताप येऊन लाल, दुखऱ्या गाठी उठतात. त्यामागे या जुड्यांचा मोठा हात मानतात. घरचे म्हणतात, रोग उलटला, आणि औषध बंद करतात. इथे ‘उलटला’ हा शब्द माणसाचं खरोखर नुकसान करतो.

फुप्फुसाची शाखा आमच्या आणखी जवळची. गिरीजची फुलं आणि भाजी दादरला जाते, आणि दादरचा कबुतरखाना बाजारापासून लांब नाही. कबुतरांच्या विष्ठेची नि पिसांची धूळ, बुरसटलेल्या पेंढ्याची धूळ, कुलरमधली बुरशी, यांनी फुप्फुसं सुजतात आणि हळूहळू चिवट होत जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदीत फुप्फुसांच्या अशा चिवट आजारांचे १०८४ रोगी होते, त्यात ४७.३ टक्के या जातीचे निघाले. एके काळी हा आजार पूर्णपणे तिसऱ्या प्रकारातला मानत. रोग्यांच्या रक्तात त्या धुळीविरुद्ध प्रतिपिंडं सापडत म्हणून. आता टी नावाच्या पांढऱ्या पेशींचा वाटा मोठा समजतात. नात्याची फोड अशी बदलत असते.

काकांना मात्र आळीतल्या निदानामुळे दोन दिवस फुकट सोसावं लागलं. विष उलटलं म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, औषध पुरलं नाही, पुन्हा तीच लस द्यावी लागणार, आणि त्या धास्तीने ते घरीच थांबले. घरी सोडताना कुणी सांगितलं असतं की आठ-दहा दिवसांनी ताप नि सांधे दुखले तर लगेच या, तर हे टळलं असतं. सांगायला अर्धं मिनिट लागतं. सापाच्या औषधानंतरचं हे उशिराचं दुखणं पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत कधीही येऊ शकतं, सरासरी सातव्या दिवशी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात छापलेलं आहे. आता औषधासाठी घोड्याचं अख्खं प्रतिपिंड देत नाहीत. त्याची शेपटी पेप्सिनने तोडून फक्त हात ठेवतात, पुष्कळसं परकं प्रथिन असं कमी होतं. तरी हात घोड्याचेच.

तिसऱ्या दिवशी काका इस्पितळात गेले. लघवी तपासली, प्रथिन नव्हतं. खाजेच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत उतार पडला नाही तेव्हा पाच दिवस प्रेडनिसोलोन. दुसऱ्या गोळीच्या दिवशी त्यांनी स्वतः तांब्या उचलला.

निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “पुन्हा चावली तर? मग ही लस घ्यायची की नाही?”

“घ्यायचीच,” डॉक्टर म्हणाले. “घोणशीला दुसरा उतारा नाही. पण आधी एकदा घेतली आहे, हे दारातच सांगा. तुमचं शरीर आता नऊ दिवस थांबेलच असं नाही.”

काकांनी घरी येऊन तो केसपेपर पत्र्याच्या पेटीत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या वर ठेवला. मागच्या बाजूला तारीख घातली आणि खाली लिहिलं : घोड्याची लस, पहिली वेळ.